मेला तरी हजर

गावावरून,
१९ जानेवारी

प्रिय सुक्या,

पाकीट पाहून छातीला हात लावू नको, कोणी मेलं नाही. म्हणजे मेलं आहे, पण जुनंच मेलं आहे, आणि त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

फोनवर सांगून पाहिलं. मागच्या आठवड्यात तीन वेळा लावला ना तुला? तिन्ही वेळा तू 'बोल बे' म्हटलं आणि मी धानाच्या चुकाऱ्याचं रडगाणं लावून बसलो. तोंडातून निघतच नाही. पौर्णिमाच्या लग्नाला आलो नाही, त्याचा राग तुझ्या आवाजात अजून आहे, तोही ऐकू येतो. तिकीट वेटिंगमध्ये राहिलं असं सांगितलं होतं ना, खोटं होतं ते. काढलंच नव्हतं. त्या वर्षी कापलेला धान बांधीतच भिजला आणि तुझ्या पुण्याच्या त्या हॉलात काय घालून यावं इथपासून प्रश्न होता. झालं, सांगून टाकलं.

तब्येत ठीक. साखर आहे, गोळी आहे. सरलाचे गुडघे गेले. बाकी बरं.

मी नाटक लिहिलं. हसून घे एकदाचं. परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हापासून वैनगंगेच्या दोन्ही काठांवर ज्याच्या खिशाला पेन आहे तो स्वतःला झाडीपट्टीचा नाटककार समजून राहिला, त्यातला मी एक. वडशाच्या एका कंपनीनं घेतलं. नाव 'मेला तरी हजर'. नाव वाचून तुला काय झालं असेल ते मला इथून दिसतं. पण थांब, क्रमानं सांगतो, नाहीतर नारबाजीसारखं होईल, म्हैस विकल्याचं सांगता सांगता मेलेल्या बैलापाशी जाऊन रडणं.

कल्पना अमितची. दिवाळीत आला तेव्हा रात्रभर मोबाइलवर मेलेली माणसं पाहायचा. हात पुढे करून चालणारी, जित्यांना चावणारी. म्हणे, बाबा, याला झॉम्बी म्हणतात. मी म्हटलं, यात का नवीन आहे, जिल्हा परिषदेत दुपारी तीननंतर जाऊन पाहा. मग त्यानं मोबाइलवरूनच मूळ गोष्ट वाचून दाखवली, तिथे मात्र मी उठून बसलो. हैती नावाचा देश आहे. तिथे फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबायचे. त्यांनी बंड केलं आणि १८०४ मध्ये स्वतंत्र झाले. त्या लोकांतला झॉम्बी कोणाला चावत-बिवत नाही, ते सिनेमावाल्यांनी मागून लावलं. मांत्रिक मेलेल्याला उठवतो आणि कामाला जुंपतो, बस. आयुष्यभर राबून मरावं आणि मेल्यावरही मळ्यात हजर राहावं लागावं, गुलामाला याहून मोठी धास्ती कोणती असणार? आणखी एक गंमत. त्या मेलेल्याच्या खाण्यात मीठ पडलं की त्याला उमगतं, आपण तर मेलो आहोत. मग तो हातातलं काम टाकून सरळ आपल्या कबरीकडे चालू लागतो. म्हणून मालक त्याला अळणीच खाऊ घालतो. आपल्याकडे माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, तिकडे मीठ खाऊन जागतो!

मेलेला माणूस, कामावर, आणि मजुरी दुसऱ्याच्या खिशात. १९९३ चा उन्हाळा मला आठवला, तसा तुलाही आठवलाच असेल.

नाटकात मी आपलं गाव ठेवलं नाही, शहर केलं. मोठं शहर, नगरपालिका, उघडी नाली, नालीवर नगराध्यक्षाचा फलक. सफाईच्या हजेरीपटावर चारशे मजूर, त्यातले तीनशे स्मशानात. ठेकेदार, बाबू, नगराध्यक्ष सगळ्यांचा वाटा ठरलेला. एका अमावस्येला तपासणी लागते. बाबू घाबरून मध्यरात्री मस्टर मोठ्यानं वाचतो, एकेक नाव तीनदा, आणि तिसऱ्या हाकेला अंधारातून आवाज येतो, 'हजर'. मग शहरभर मेलेले. मजुरी मागत दारोदार फिरतात. चावतातही, नाहीतर अमित नाराज झाला असता. ज्याला चावले तो मेल्यागत होतो, दिसेल त्या कागदावर सही करत सुटतो. नगरपालिकेत सगळ्यांना चावून आठ दिवस झाले तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण कामकाज पूर्वीसारखंच चालू असतं. या जागेला लोक इतके हसले की तबलजीचा ठेका चुकला. सर्वांत मोठ्यानं कोण हसलं माहीत आहे? पत्रकावर छापलेले उद्घाटक, सहउद्घाटक आणि दीपप्रज्वलक, पहिल्या रांगेत सोफ्यावर बसून. त्यातल्या दोघांना मी नाटकात नावं बदलून घातलं होतं. त्यांनी मला पाचशेची नोट बक्षीस दिली लेका.

पोस्टरचं सांगायचं राहिलं. वडशाच्या पेंटरला मी 'झॉम्बींचा थरार' लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं 'झोंबींचा थरार', आणि खाली आपल्या अकलेनं दोन पैलवान काढले. ब्रह्मपुरीकडून कुस्तीच्या नादाची दहा-बारा पोरं गाडी करून आली. रात्री दोनला विचारून राहिली, जोड कधी सुटते?

प्रयोग आपल्याच गावात होता, पटाच्या रात्री. बैलांच्या शर्यतींचा शंकरपट २०१४ ला बंद पडला होता तेव्हा गाव कसं विधवेसारखं झालं होतं, तू एकदा येऊन पाहिलं होतंस. २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं मोकळीक दिली, तेव्हापासून पुन्हा जोर आहे. लेकी-जावई आले होते, घराघरात वडे तळले, दोन ठिकाणी पोरी पाहून झाल्या. दहाला म्हटलेलं नाटक साडेअकराला लागलं. नट मंडळी संध्याकाळी आली, तोंडाला रंग लावला आणि उभी. पाठांतर सगळं प्रॉम्प्टरच्या भरवशावर, तुझ्या बी.ए. फायनलसारखं.

आता ऐक. 'हजर' म्हणणारी चार पोरं मंडपाच्या चार कोपऱ्यांत उभी करायची होती. त्यातलं एक आरमोरीहून येणारं पोर आलंच नाही, गाडी पंक्चर म्हणे. डायरेक्टर म्हणाला, भाऊ, लेखक तुम्हीच, एका नावाचा आवाज तुम्हीच द्या. मी मागच्या कनातीजवळ जाऊन उभा राहिलो. वर बाबूनं मस्टर उघडलं. नऊ नावं होती. लिहिताना दुसरी सुचली नाहीत म्हणून तीच घातली, असं मी अमितला सांगितलं. मला ती पाठ आहेत सुक्या. तुलाही असतील, अक्षर तुझं होतं.

आणि माझ्या वाट्याला आलेलं नाव डोमाजी.

आपण ती नऊ नावं पैसे खायला लिहिली नव्हती, हे मी स्वतःला तीस वर्षं सांगत आलो. ५० मजुरांची मागणी असल्याशिवाय तेव्हा रोजगार हमीचं काम सुरू होत नव्हतं. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या खोलीकरणाला गावातून ४१ जण निघाले. नऊ कमी. नऊसाठी ४१ जणांची चूल थंड ठेवायची का, असं ते साहेब म्हणाले आणि आपल्याला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. आपण नवे नवे हजेरी सहायक, बापाच्या घरी पहिल्यांदा पगार नेणारे. तू जुनी मतदार यादी काढली, त्यात मेलेले जिवंतच होते, तू सुंदर अक्षरात उतरवले. अंगठे कुठून आणायचे हा प्रश्न. तुझे दोन, माझे दोन, मग दोघांच्या पायांचे चार, झाले आठ. नववा चहाच्या टपरीवरच्या पोराचा, एका भज्याच्या बोलीवर. आईनं विचारलं होतं, पायाले शाई कायची लागली रे? आपण किती हसलो होतो त्या रात्री. पुढच्या पंधरवड्यांत त्या नऊंचे सतरा झाले आणि पैसे साहेबाच्या जीपमध्ये बसून गेले, तेव्हा हसू कमी झालं. पण आपण सोडलं नाही, हेही खरं.

डोमाजीचं लिहू नको, त्याची बायको कामावर आहे, हे मी म्हटलं होतं. म्हटलंच होतं. तू म्हणाला, तालुक्यात डोमाजी काय एकच आहे? बाबांच्या तेरवीला तू माझ्या अंगणात उभा राहून म्हणालास, 'लिहिलं मी, पण ओरडला तू.' त्या दिवशी मी तुला जेवू न देता हाकललं. आता मान्य करतो. ओरडलो मीच.

तपासणीचा साहेब जीपमधून उतरला, मस्टर हातात घेतलं आणि भर उन्हात एकेक नाव वाचायला लागला, हे कोणाच्या ध्यानीमनी होतं? तुझा चेहरा पांढरा पडला होता. मी तलावाच्या पारीमागच्या, म्हणजे बांधामागच्या, पळसाआड लघवीला गेलो होतो. 'डोमाजी...' एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वाचलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, जाड आवाजात, 'हजर!' साहेबानं खूण केली, पुढचं नाव घेतलं. काम वाचलं. ४१ जणांचं.

भागरथाकाकी तलावाच्या त्या टोकाला होती. घमेलं डोक्यावर होतं, ते खाली ठेवलं नाही, टाकलं. चिखलातून, मातीच्या चौकड्यांतून पडत-उठत पारीवर आली. तोवर मी दुसऱ्या बाजूनं सटकलो होतो. तू तिला पाणी पाजलं आणि सांगितलं, काकी, ऊन लागलं तुले, भास झाला. पाणी तूच पाजलं, ते मी विसरलो नाही.

डोमाजीचा डोंगा आदल्या पावसाळ्यात उलटला होता. डोंगा सापडला, जाळं सापडलं, माणूस सापडला नाही. गावानं तिला कुंकू पुसायला सांगितलं होतं, तेव्हा ती थोडी थोडी तयारही झाली होती म्हणतात. त्या दिवसानंतर तिनं नाव काढू दिलं नाही. बाया तिला वेडी म्हणायच्या. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही यावर दरवर्षी भांडण. बोलवत नव्हते. मीही तिला वेडीच समजत होतो, खरं सांगतो. कुंकवाचा आणि माझ्या आवाजाचा संबंध मी कधी लावलाच नाही. लावायचा नव्हता.

आता कागदाचं पाहा. माणूस सात वर्षं कोणाच्या ऐकण्यात नसेल तर तो मेला असं कायदा धरून चालतो, तेव्हा ते १८७२ च्या पुरावा कायद्याचं १०८ वं कलम होतं. हे मला कसं ठाऊक? काकीच्या भाच्यानं तिच्यासाठी निराधारचा अर्ज केला होता, मृत्यूचा दाखला नव्हता म्हणून परत आला. मग सात वर्षांचं कळलं, तर एका बाबूनं जुनं मस्टर दाखवलं, हा तर पुढच्या उन्हाळ्यात कामावर होता, हे पाहा, अंगठा. तो अंगठा माझ्या डाव्या पायाचा होता बे. काकीला म्हणाले, त्याला सोडचिठ्ठी तरी द्या नाहीतर शोधून तरी आणा. आझमगढच्या त्या लालबिहारीला नातेवाइकांनी कागदावर मारलं आणि जमीन लाटली, तो बिचारा नावामागे 'मृतक' लावून १९९४ पर्यंत जिवंत असल्याचं सिद्ध करत फिरला. त्याच्यावर हसत होतो आपण. आपण इथे उलटं करून बसलो होतो. पासष्टी ओलांडल्यावर काकीला श्रावणबाळचे पैसे सुरू झाले, म्हातारी म्हणून. विधवा म्हणून एक रुपया नाही.

तर त्या रात्री. बाबूनं वरून पुकारलं, एकदा, दोनदा. तिसऱ्या हाकेला मी कनातीला पाठ लावून, डोळे मिटून म्हटलं, 'हजर!' मंडपात सन्नाटा. एक पोर रडायला लागलं. मला वाटलं, जमलं. लेखकाचा माज चढतो बघ असा एका क्षणात.

मग उजेड झाला, लावणी सुरू झाली, ऑर्गनवाला रंगात आला. मी बिडी पेटवत होतो. चटई बगलेत धरून कोणी तरी कनातीच्या कडेकडेनं येताना दिसलं.

'कोन होय थो?'

'मी होय काकी, मुरली.'

ती जवळ आली. माझ्या तोंडाकडे नाही पाहिलं, बाजूला पाहत होती, जसा आवाज ऐकायला माणूस कान पुढे करतो तसं.

'अखीन एक डाव म्हन.'

मी हळूच म्हटलं, हजर.

'तसा नाई. पारीमांगून म्हनला होता तसा.'

मी तुला सांगतो, माझे पाय थंड पडले. समोर बाई नाचून राहिली, पोरं शिट्या मारून राहिली आणि मी पासष्टीला टेकलेला माणूस त्या कनातीजवळ उभा राहून, पूर्ण आवाजात, ओरडलो, 'हजर!' मागच्या दोन रांगा वळून पाहायला लागल्या. कोणाला वाटलं नाटकातलंच आहे. काकीनं डोळे मिटले होते. मग म्हणाली, 'बरं,' आणि जाऊन चटईवर बसली. सकाळी सहापर्यंत बसली. शेवटच्या अंकात एक म्हातारी विधवा मेलेल्यांना मिठाची आंबील वाढते आणि ते पंगत सोडून एकेक करून अंधारात निघून जातात, तो सीन मी मागून पाहिला. सीन नाही, काकीची पाठ पाहिली. हलली नाही.

तिला तेव्हापासूनच माहीत होतं का? असेल तर कुंकू कशाला ठेवलं? की तीस वर्षं तो आवाज कानात घेऊन बसली होती आणि त्या रात्री पहिल्यांदा कळलं की हा तर मुरल्या? रात्री अडीचला जाग येते, एकदा असं वाटतं, एकदा तसं. सरला म्हणते साखर वाढली. तिला यातलं काही ठाऊक नाही. पायाची शाईसुद्धा नाही. तूच एक आहेस.

दोन दिवसांनी काकी बोरिंगवर दिसली. मी सायकलवरून उतरलो, बोलायचं म्हणून. 'पानी भरून राहिली का काकी' एवढंच निघालं. ती हो म्हणाली. तिच्या कपाळाकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. पदर होता डोक्यावर, पण तेवढ्यानं काही दिसत नाही असं नाही, मीच हापशाकडे पाहत होतो. पाण्याचा गुंड मात्र भरून वाहत होता आणि ती हापसतच होती.

परवा तिचा भाचा घरी आला. मला वाटलं मारायला आला. बसला, चहा घेतला, म्हणाला, 'मामीनं निरोप देला. लाखांदूरकडच्या नाटकाले मलेबी ने म्हनते. आन् आवाज थोच राहू दे म्हनते.' भाच्याला काही माहीत नाही असं त्याच्या तोंडावरून दिसलं. आरमोरीचं पोर परत आलं आहे, डायरेक्टर म्हणतो तुम्ही आता आरामात बसा. मी त्याला अजून काही उत्तर दिलं नाही.

तुझं कसं आहे? नवा फ्लॅट झाला म्हणतात, लिफ्ट आहे ना? नातवाचं नाव काय ठेवलं ते अमितनं सांगितलं होतं, विसरलो. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? चष्मा गेला असेल तर बरंच. पुन्हा सविस्तर लिहीन.

नाटक पुढच्या शनिवारी आहे, एक फेब्रुवारीला. महाराष्ट्र एक्सप्रेसनं गोंदिया, तिथून बल्लारशाच्या गाडीनं वडसा, तुला मी काय सांगावं. स्टेशनवर मी येतो. तिला सांगायचं तर दोघांनी सांगू. लिहिणारा आणि ओरडणारा, दोघंही समोर असलेले बरे. सांगायचं नाही असं तू म्हणशील तर तेही इथे येऊन म्हण, फोनवर नको. तुझं तिकीट मी काढतो. या वेळी खरंच काढतो.

तुझा,
मुरल्या

ता. क. पौर्णिमासाठी सरलानं साडी घेऊन ठेवली आहे, लग्नापासून कपाटातच आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास येईल, तेवढा दोन दिवस उन्हात काढून टाक म्हणावं.